औषधदानाकडून वैयावृत्याकडे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



विश्वस्त मंडळाने 'शहरातील गरीब कुटुंबे आणि आरोग्यसेवा' हा विषय माझ्याकडे सोपविला, तेव्हा मला थोडे आश्चर्य वाटले. समाजात नामवंत डॉक्टर असताना कापडाच्या व्यापाऱ्याने या विषयावर काय बोलावे? नंतर विचार केला की, रोगाविषयी बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा असला तरी हिशेबाविषयी बोलण्याचा थोडा अधिकार वाणिज्य शाखेच्या पदवीधरालाही असावा. म्हणून आज मी केवळ एक हिशेब मांडणार आहे. फुकट मिळणारे औषध गरिबाला किती रुपयांना पडते, एवढाच तो हिशेब.

आपल्या ट्रस्टची स्थापना झाली तो काळ भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाचा होता. १९७४-७५ च्या त्या पर्वात देशभर जैन समाजाने अनेक लोकोपयोगी कामे आरंभिली. आपल्या पूर्वसूरींनी धर्मशाळेच्या दोन खोल्यांत मोफत दवाखाना उघडला. त्या वेळचे सोलापूर डोळ्यांसमोर आणा. गिरण्यांचे भोंगे वाजत होते. गिरणी कामगाराला १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याचे संरक्षण होते. विमा दवाखाना, आजारपणाची रजा आणि रजेच्या काळातील काही पगार त्याच्या हक्काचा होता. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. काम मात्र संपले नाही, ते विखुरले. पुरुष यंत्रमागावर गेले, स्त्रिया घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळू लागल्या, मुले दुकानांत, हॉटेलांत, रिक्षांवर गेली. काम राहिले आणि त्याच्यासोबतचे विम्याचे कवच बहुतेकांच्या बाबतीत गळून पडले. विडी कामगारांसाठी १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला व त्यातून दवाखाने चालले. परंतु ज्या उपकरावर तो निधी उभा होता, तो वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर २०१७ मध्ये रद्द झाला. आपण व्यापाऱ्यांनी त्या वर्षी जीएसटीच्या नावाने पुष्कळ कुरकुर केली, पण या बाजूकडे आपल्यापैकी कोणाचे लक्ष गेल्याचे मला आठवत नाही.

आता माझ्या धंद्यातील एक गोष्ट सांगतो. सणाच्या आधी दुकानात एखादी गरीब माउली येते, मुलाच्या शर्टासाठी कापड निवडते, भाव विचारते आणि बराच वेळ हातात धरून ठेवते. आपण दया येऊन भाव उतरवला तरी तिचा चेहरा खुलत नाही. कारण तिचा हिशेब कापडापाशी संपत नाही. शिलाई किती पडेल, हा प्रश्न तिच्या मनात असतो, आणि आज साध्या शर्टाची शिलाई पुष्कळदा कापडापेक्षा महाग पडते. उद्या आपण तिला कापड फुकट दिले तरी शिलाईला पैसे नसतील तर ते कापड पेटीत घडी घालून पडून राहणार. आरोग्याच्या क्षेत्रात गेल्या पंधरा-वीस वर्षांत नेमके हेच घडले आहे. कापड पुष्कळसे फुकट झाले, पण शिलाईचा विचार फारसा कोणी केला नाही.

कापड फुकट झाले म्हणतो ते उगाच नाही. राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. हीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. पूर्वी तिच्यात दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण होते. १ जुलै २०२४ पासून ते कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत गेले आणि पिवळ्या, केशरीच काय, पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांनाही ती खुली झाली. क्षयरोगाचे औषध सरकारी केंद्रात मोफत आहे. महानगरपालिकेची नागरी आरोग्य केंद्रे आहेत. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात साधारण पन्नास हजार वस्तीमागे असे एक केंद्र अपेक्षिलेले आहे. जन औषधी दुकानांत नामांकित कंपनीच्या औषधाच्या निम्म्याहूनही कमी किमतीत तेच औषध मिळते. देशाचा विचार केला तर एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखा सांगतो. सरकार काहीच करीत नाही, हे आपल्या कट्ट्यावरचे आवडते वाक्य आहे. आकडे पाहता ते तितकेसे खरे नाही.

मग पूर्व भागातील विडी वळणारी भगिनी खोकला लपवून घरी का बसते? तिचा एक दिवस पाहू. सकाळी तयार विड्यांचे कट्टे घेऊन कारखान्याच्या शाखेत जायचे, रांगेत उभे राहून विड्या मोजून द्यायच्या, खराब ठरलेल्या बाजूला निघताना पाहायच्या, पाने व तंबाखू घेऊन घरी यायचे. पाने भिजवायची, कापायची आणि हजाराची संख्या गाठेपर्यंत वळत बसायचे. मध्ये स्वयंपाक. आपल्या शहरात ज्या दिवशी नळाला पाणी येते, त्या दिवशी घर सोडता येत नाही, हे मी आपणास सांगायला नको. तिची मजुरी नगावर आहे. केंद्रात जाण्यात अर्धा दिवस गेला तर तेवढ्या विड्या कमी आणि तेवढा पैसा कमी. वर रिक्षाचे जाण्या-येण्याचे भाडे. धाकटे मूल सोबत असले तर त्याला काही खायला द्यावे लागते. म्हणजे औषध शून्य रुपयांचे आणि त्याची शिलाई अर्ध्या दिवसाच्या मजुरीहून अधिक. क्षयाचा उपचार किमान सहा महिने चालतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात थोडे बळ येते, आणि नेमक्या त्याच वेळी पुढील गोळ्या आणायला जाणे तिला चैन वाटू लागते. तिने औषध सोडले की आपण तिला अडाणी म्हणतो. माझ्या मते तिने केलेला हिशेब बरोबर आहे. फक्त त्या हिशेबात रोगाची किंमत धरायला तिच्याकडे शिल्लक नाही. शासनाने एप्रिल २०१८ पासून क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्यास सुरुवात केली व नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० केले, ते ही बाब ओळखूनच.

शहर बाहेर सरकते तशी शिलाई महाग होते. कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिच्या शेजारी रे नगरची पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना मिळाली. ही घरे म्हणजे या शहराने अभिमानाने मिरवावी अशी गोष्ट आहे. परंतु तेथून मोठ्या रुग्णालयापर्यंतचे अंतर प्रत्येक तपासणीच्या वेळी कापावे लागते, आणि डॉक्टर 'रिपोर्ट घेऊन परवा या' असे सहज म्हणून जातात.

आता कागदांकडे वळू. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यात कलम '४१ कक' आहे. त्यानुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या आहेत. हे कलम बरीच वर्षे कागदावर निजले होते. मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिकेवर १७ ऑगस्ट २००६ रोजी आदेश देऊन त्याला योजनेचे स्वरूप दिले. प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने रुग्णांच्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांसाठीच्या निधीत बाजूला काढायची आहे. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल, अशी मर्यादा आज आहे. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणे व त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. हा सर्व तपशील मी मुद्दाम सांगतो आहे, कारण या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीजणांना तो ठाऊक असेल, याविषयी मला शंका आहे. आपल्यापैकी काहीजण तर अशा संस्थांचे विश्वस्तही आहेत.

आमच्या पेठेतील एका दुकानात काम करणाऱ्या गृहस्थाच्या पत्नीला एका शुक्रवारी रात्री पोटात असह्य कळा सुरू झाल्या. ज्या रुग्णालयात तिला नेले ते धर्मादाय होते. तेथे प्रथम रक्कम भरण्यास सांगितले गेले आणि सवलतीचा विषय काढताच तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागितला गेला. शासकीय कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवार-रविवारी दाखला कोण देणार? शिधापत्रिका काढली तर तीत पत्नीचे नाव नव्हते. लग्नाला नऊ वर्षे झाली तरी ते माहेरच्या पत्रिकेतच राहिले होते. शस्त्रक्रिया झाली, ती बाई वाचली. पण मंगळसूत्र गहाण पडले आणि उरलेली रक्कम शेकडा तीन दरमहा व्याजाने उचलली गेली. दरमहा शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. एवढ्या व्याजाने माल घेऊन आपल्यापैकी कोणाचेही दुकान सहा महिनेसुद्धा चालणार नाही. तातडीच्या वेळी अनामत मागता येत नाही, हे ठामपणे सांगणारा एक माणूस त्या रात्री त्याच्या बाजूला उभा असता तर? दाखला नंतर आणता आला असता.

हा गृहस्थ आपला साधर्मी आहे, हेही सांगितले पाहिजे. जैन म्हणजे श्रीमंत, असा बाहेरचा समज आहे आणि तो आपल्यालाही इतका आवडतो की, आपल्यातील गरीब आपल्याला दिसत नाहीत. भाड्याच्या दोन खोल्यांत राहून दुकानात गुमास्तेगिरी करणारी, पापड-लोणची करून संसार चालविणारी कुटुंबे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. ती मोफत दवाखान्याच्या रांगेत उभी राहत नाहीत, कारण त्याच रांगेत वर्गणी देणाऱ्यांची दृष्टी पडते. अशा ज्येष्ठांना एक गोष्ट जरूर कळवावी. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान योजनेत सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड मिळते. उत्पन्नच विचारत नाहीत म्हटल्यावर संकोचाचे कारण उरत नाही. आणि आपल्या दुकानांविषयी. दहापेक्षा कमी माणसे असलेली आपली बहुतेक दुकाने कामगार विम्याच्या कक्षेत आपोआप येत नाहीत. वीस-वीस वर्षे आपल्या गादीवर थान उलगडणाऱ्या माणसाच्या शिधापत्रिकेत सर्वांची नावे आहेत की नाहीत, हे पाहण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दिवाळीच्या बक्षिसाच्या पाकिटाबरोबर एवढे एक विचारून घ्यावे.

शिबिरांविषयी थोडे बोलतो. कोणी राग मानू नये. महावीर जयंतीला आपण शिबिर घेतो, रक्तदाब व साखर तपासतो, केळी वाटतो, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र येते. नेत्रशिबिराला मी पूर्ण गुण देतो. मोतीबिंदू काढला, चष्मा दिला, विषय संपला. त्या रोगाचा स्वभावच शिबिराला मानवणारा आहे. मधुमेह व रक्तदाब यांचा स्वभाव तसा नाही. एखाद्याला 'तुझी साखर वाढली आहे' असे सांगून केळे हाती देणे (होय, केळेच) आणि वर्षभर त्याचे नावही न काढणे, याला मी आरोग्यसेवा म्हणू शकत नाही. शिवाय येथे योजनेतील एक पोकळी आहे. रोज एक गोळी न घेतल्यामुळे पक्षाघात झाला तर रुग्णालयातील उपचारांना योजना धावून येते. ती गोळी रोज मिळावी म्हणून मात्र ती काही देत नाही, कारण ही योजना प्रामुख्याने दाखल होणाऱ्या रुग्णांची आहे. गोळी महापालिकेच्या केंद्रात मिळते, पण पुन्हा सकाळची वेळ आणि पुन्हा बुडालेला रोज. शासनानेही हे ओळखले. मे २०२३ पासून राज्यभर 'आपला दवाखाना' सुरू झाला, त्याची वेळ दुपारी दोन ते रात्री दहा अशी ठेवली गेली. आपल्या ट्रस्टचा दवाखाना पन्नास वर्षे सकाळी दहा ते बारा चालतो. ती वेळ डॉक्टरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या सोयीची होती. गिरणीच्या पाळीतून सुटलेल्या कामगारालाही ती काही अंशी सोयीची असावी. आता तो कामगार राहिला नाही.

आपल्या परंपरेत औषधदानाचे माहात्म्य मोठे आहे. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे रुग्णालय चालते, ही गोष्ट आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. परंतु औषधदानाबरोबरच आणखी एक शब्द आपल्याकडे आहे, तो म्हणजे वैयावृत्य. सहा आभ्यंतर तपांत त्याची गणना होते. प्रायश्चित्त, विनय, स्वाध्याय, व्युत्सर्ग, ध्यान यांच्या पंक्तीत, म्हणजे उपवासाच्याही आतल्या बाजूला त्याला बसविले आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आहार व औषध यांचे दान वैयावृत्याच्याच पोटात सांगितले आहे. वैयावृत्य म्हणजे आजारी, थकलेल्या, संकटात असलेल्या साधकाजवळ जाऊन त्याचा त्रास दूर करणे. शास्त्रात ते प्रामुख्याने त्यागी-मुनींच्या संदर्भात आहे, याची मला जाणीव आहे, आणि विद्वानांशी वाद घालण्याची माझी योग्यता नाही. तरीही माझ्या अल्पमतीला एवढे कळते की, दान दुरूनही करता येते, वैयावृत्य दुरून करता येत नाही. मघाशी ज्याला मी शिलाई म्हटले, तिलाच आपल्या शास्त्रात इतका सुंदर शब्द आहे.

हे केवळ शब्दांचे चातुर्य नाही, याचा दाखला जयपूरला आहे. आपल्या ट्रस्टच्याच वयाची, १९७५ ची, भगवान महावीर विकलांग सहायता समिती तेथे कृत्रिम पाय मोफत बसविते. जयपूर फूट जगभर पोहोचला. पायाचे तंत्र अर्थातच मोठे आहे. पण मला तेथील व्यवस्था अधिक शिकण्यासारखी वाटते. माणूस कोणत्याही वेळी आला तरी त्याला आत घेतात, तो व त्याच्यासोबतचा नातेवाईक यांच्या राहण्या-जेवण्याची सोय करतात आणि त्याला पुन्हा पुन्हा चकरा माराव्या लागू नयेत, याची काळजी घेतात. त्यांनी पाय फुकट दिला आणि शिलाईही स्वतःच करून दिली.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. सुवर्णमहोत्सवी निधीतून दवाखान्यावर दोन मजले चढवून तपासणी केंद्र व सभागृह बांधावे, अशी सूचना विश्वस्त मंडळापुढे आहे. तिला अनेक मान्यवरांचा पाठिंबा आहे, आणि त्या सर्वांविषयी पूर्ण आदर ठेवून माझा विरोध मी येथे नोंदवितो. इमारतीला देणगी मिळते, कारण इमारतीला कोनशिला असते. एखाद्या भगिनीच्या पगाराला कोनशिला नसते, म्हणून त्यासाठी देणगी मागताना जीभ अडखळते. यंत्र विकत घेतले की पहिल्या वर्षापासून घसारा सुरू होतो, तंत्रज्ञ मिळत नाही आणि पाचव्या वर्षी यंत्र जुने ठरते. शहरात यंत्रांची टंचाई नाही. टंचाई आहे ती रुग्णाला यंत्रापर्यंत नेणाऱ्या माणसाची.

माझी सूचना अशी की, निधीची मुद्दल हात न लावता ठेवावी आणि व्याजातून दोन-तीन गोष्टी कराव्यात. मराठी, तेलुगू व कन्नड बोलणारी एक निवृत्त परिचारिका किंवा समाजसेविका पूर्णवेळ नेमावी. तिने सकाळी रुग्णालयांत फिरावे, योजनेच्या आरोग्यमित्राशी व रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांशी ओळख ठेवावी, रुग्णाबरोबर जावे, अनामत मागितली गेली तर नियम दाखवावा. धर्मादाय कार्यालयाकडे अर्ज कसा करायचा, हे तिला पाठ असावे. दाखले आणि शिधापत्रिकेतील नावे ही कामे आजार येण्यापूर्वीच करून ठेवण्यासाठी दर पंधरवड्याला एका वस्तीत बैठक घ्यावी. येथे आपले सनदी लेखापाल व वकील तरुण कामाला येतील. रिक्षाभाडे आणि बुडालेला रोज यांसाठी एक छोटे खाते उघडावे. त्यातून पैसे देताना पावत्यांचा अतिरेक करू नये. मी हिशेबाचा माणूस असूनही हे सांगतो. दहा-वीस रुपयांच्या भाड्याची पावती मागणे म्हणजे पुन्हा कागदाचीच भिंत उभी करणे होय. आणि केंद्र शासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये 'निक्षय मित्र' ही कल्पना मांडली आहे. तीत कोणतीही संस्था वा व्यक्ती क्षयरुग्णाला उपचारकाळात दरमहा पोषक आहार देऊ शकते. डाळ, शेंगदाणे, गूळ, तेल, धान्य हे सर्व आपल्याच लोकांच्या दुकानांत आहे. पाकीट टपालासारखे पोहोचवू नये. घरी नेऊन द्यावे आणि गोळ्या चालू आहेत ना, हे विचारावे.

दवाखान्याची वेळ सायंकाळी सात ते नऊ करावी. यावर एक आक्षेप माझ्या कानावर आला आहे की, सायंकाळी आपले कार्यकर्ते कसे येणार? बंधुभगिनींनो, ज्याचे भोजन सूर्यास्तापूर्वी उरकते, त्या श्रावकाइतका सायंकाळी मोकळा माणूस दुसरा कोणी नसेल. दूरचित्रवाणीसमोर जाणारे ते दोन तास आहेत. डॉक्टर मंडळींना आठवड्यातून एक सायंकाळ मागावी. समाजात इतके डॉक्टर आहेत की, महिन्यातून एकाच्या वाट्याला एखादाच वार येईल. औषधांच्या कपाटापाशी, नोंदवहीपाशी आणि दाराशी मिळून तीन माणसे लागतील. त्यांपैकी दाराशी बसणाऱ्याचे काम सर्वांत महत्त्वाचे, कारण मागील वेळी आलेला कोण आज आला नाही, हे त्याने लक्षात ठेवायचे आहे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी निरोप पाठवायचा आहे.

इमारतीचा निर्णय पुढील विश्वस्त सभेत व्हायचा आहे. तोपर्यंत वेळेचा बदल तरी प्रयोग म्हणून सहा महिने करून पाहावा, अशी विनंती मी अध्यक्ष महोदयांना केली आहे व त्यांनी ती मान्य केली आहे. नावे देण्यासाठी मंदिराच्या कार्यालयात उद्यापासून वही ठेवली आहे. नावापुढे वार लिहावा, आणि तेलुगू येत असेल तर तेही लिहावे.